डावा हात स्तूपाकडे

प्रवीण,

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलतच नाहीये. मी तुझ्याशी बोलतेय, आणि तुझ्याशी वाईट बोलायची मला कॉलेजपासूनची सवय आहे. तुझ्या दशक्रियेला घाटावर माइक घेऊन तुझे गुण सांगणारे पुष्कळ होते. एकानं तर तुला 'चित्रात प्राण फुंकणारा जादूगार' करून टाकलं. तू असतास तर मला कोपरानं ढोसून म्हणाला असतास, 'सुजा, हा आता मतं मागणार बघ.' त्यानं मतं मागितली नाहीत. पण ते कोपर मला लागलं, आणि तू शेजारी नाहीस याचा इतका राग आला, की मी उठून रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन बसले.

राग तेवढाच असता तर बरं झालं असतं. माणूस गेलं की रडावं, घरी यावं, आंघोळ करावी, हळूहळू विसरावं. तू मला तेही सुखानं करू दिलं नाहीस. रडायला लागले की आठवतं, अरे, ह्या माणसानं तर आपला केसानं गळा कापला होता. मग डोळे पुसते. पुसले की पुन्हा तू आठवतोस, तुझ्या तात्यांच्या शेडमध्ये जमिनीवर उताणा पडून वर बघत असलेला.

ती शेड. तिथं आधी तुमचा कांदा निघायचा. मग पत्रे चढले, एका कंपनीनं आत पत्रा ठोकायचे प्रेस टाकले, कंपनी पुढं हलली आणि शेड रिकामी पडली. तात्या नवा भाडेकरू शोधत होते आणि तू म्हणालास, 'मी घेतो.'

'तू काय बनिवणार हितं?' तात्यांनी विचारलं.

'लेणं.'

तात्यांनी डोंगराच्या दिशेनं हात केला. 'ते डोंगरात हाय की,' म्हणाले. 'आनि कशाला पायजे?'

मी फुटले हसून. तुला मात्र आपल्या बापानं कामाचा सगळ्यात अवघड प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, हे कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

जुनी चित्रं जमवणाऱ्या, प्राधिकरणातल्या त्या काकांकडची छापचित्रं तू पहिल्यांदा दाखवलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. कुणा गोऱ्या साहेबानं मावळातली लेणी, देवळं, किल्ल्यांचे दरवाजे तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून काढलेले. पत्रा आम्लात बुडवायचा, ओरखड्यांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबायचा. कॉलेजात हे एचिंग मी शिकले होते, तू नाही. तू ॲनिमेशनवाला. चित्राखाली बारीक अक्षरात साहेबाचं नाव होतं, ते आपल्याला नीट उच्चारता येईना, म्हणून आपण त्याला रावसाहेब म्हणायला लागलो. 'रावसाहेबांनी ह्या खांबाला सावली दिलीच नाही राव.' 'रावसाहेब दुपारी जेवून आले असतील, इथं हात जड झालाय.' दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची इतकी चेष्टा आपणच केली असेल.

त्या चित्रांच्या आत माणसाला चालत जाता यावं, एवढंच तुला हवं होतं. चारी भिंतींवर प्रोजेक्टर, मधोमध लोखंडी सांगाड्यावर प्लास्टरचा पांढराफटक स्तूप. अंधार करायचा आणि एकेक रेघ उमटवत आख्खं लेणं लोकांभोवती उभं करायचं. मी आठवडाभर माण गावातल्या कंपनीत, चालू मशीनमध्ये हात घालू नये हे कामगारांना शिकवणाऱ्या फिल्म करायची, आणि सुट्टीला तुमच्या कुरुळीच्या शेडमध्ये येऊन रावसाहेबाची एकेक रेघ वेगळी काढत बसायची. शेजारच्या शेडमधला प्रेस दणका द्यायचा आणि आपलं लेणं भिंतीवर थरथरायचं. मग तिकडं जेवणाची सुट्टी झाली की आपण प्रोजेक्टर जुळवायचो, ते जेवून आले की आपण जेवायचो. म्हणूनच उद्घाटन गुरुवारी धरलं. गुरुवारी तिथल्या कारखान्यांच्या आख्ख्या पट्ट्याला सुट्टी, सगळे प्रेस गप्प.

पहिला खांब उभा राहिला तेव्हा तू जमिनीवर आडवा झालास. खालून वर रेघा चढत गेल्या, छताच्या कमानी एकेक करून उलगडल्या. तू म्हणालास, 'सुजा, आपण आत आहोत राव.' तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. माझ्या जिभेला त्या दिवशी उगाच काही बोलावंसं वाटलं नाही. तो दिवस तू मला दिलास, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे.

चूक मला दिसली ती माझ्या कोपरामुळे. आपण उभं करत होतो त्या लेण्यात मी लहानपणापासून जायचे. बाबांच्या कंपनीला सुट्टी असली की वर्षातून एकदा आई, बाबा, मी आणि विहारातली माणसं एसटीनं जायचो. लेण्याच्या तोंडाशी उजव्या हाताला पाण्याची पोढी आहे, कातळात खोदलेलं टाकं. तिथल्या शेवाळावर घसरून मी कोपर फोडून घेतलं होतं, वण अजून आहे. आणि रावसाहेबाच्या चित्रात पोढी डाव्या हाताला. मी आधी माझा वण बघितला, मग चित्र, आणि मग डोक्यात उजेड पडला. पत्र्यावर जे काढाल ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. शहाणा कारागीर पत्र्यावर मुद्दाम उलटं काढतो. आपला रावसाहेब डोंगरात बसून जसं दिसेल तसं काढत सुटलेला. म्हणजे त्याची सगळी लेणी उलटी. खाली नाव तेवढं बेट्यानं आठवणीनं उलटं कोरलेलं, म्हणून ते सरळ उमटलं.

कागदावर होतं तोवर काही बिघडत नव्हतं. पण आतल्या चित्रात स्तूपाभोवती पाच-सहा माणसं काढली होती, मुंग्यांएवढी. आमच्या लोकांची प्रदक्षिणा उजवा हात स्तूपाकडे ठेवून असते. तुमच्या देवळातही तशीच असते. चित्रात त्या माणसांचा डावा हात स्तूपाकडे होता. रावसाहेबानं त्यांना नुसतं उभं केलं होतं, चालायला तू आणि मी लावलं. आणि चालायला लावलं की ती उलटी फिरणार.

त्यावर आपण किती भांडलो. शेडमध्ये भांडलो, टपरीवर भांडलो, चाकण चौकात गाड्या तुंबल्या होत्या तिथं तुझ्या गाडीत बसून भांडलो. तू म्हणायचास, 'आपण लेणं नाही हलवत, चित्र हलवतोय. चित्र जसं आहे तसं. खरं लेणं बघायचं त्यानं डोंगर चढावा.' मी म्हणायचे, 'मग माणसं उभीच ठेव.' 'अख्खं लेणं हलतंय आणि माणसं तेवढी पुतळे?' 'मग सगळंच आरशातल्यासारखं फिरव. कॉम्प्युटरला त्यात काय जड आहे?' 'रावसाहेबाचं नाव उलटं होईल.' 'त्याचं नाव उलटं झालेलं चालतं मला. माझी माणसं उलटी चाललेली चालत नाहीत.'

'माझी माणसं' मी तुझ्यापुढे पहिल्यांदाच म्हणाले असेन. मग तू काचेच्या ग्लासातला उरलेला चहा बाहेर फेकलास आणि म्हणालास, 'जा. तुझं खरं. फिरवू सगळं. शब्द दिला.'

तुझं म्हणणं चूक नव्हतं, प्रवीण. आजही मला ते पुरतं खोडता येत नाही. पण हरल्यावर शब्द दिलास, तो कुणी मागितला नव्हता.

उद्घाटनाला पिंपळे गुरवहून टेम्पो ट्रॅव्हलर भरून विहारातल्या बायका आल्या. आईनं पांढरं पातळ नेसलेलं. मी तिला सांगून ठेवलं होतं, 'आई, बघ हं, आपली माणसं चालायला लागतील.' अंधार झाला. रेघा उमटल्या. खांब उभे राहिले, बायकांच्या तोंडून 'अगं बाई' निघालं, मला वाटलं जिंकलो. मग माणसं चालायला लागली, आणि त्यांचा डावा हात स्तूपाकडे.

मी तुझ्याकडे बघितलं. तू कॉम्प्युटरपाशी उभा होतास आणि भिंतीकडे बघत होतास. तू चुकून जरी माझ्याकडे बघितलं असतंस ना, तरी मी आज हे लिहीत बसले नसते.

आणि मग आई उठली. हात जोडले, उजवा खांदा स्तूपाकडे केला आणि चालायला लागली. भिंतीवरची माणसं समोरून येत होती, त्यांच्या काळ्या रेघा तिच्या पांढऱ्या पातळावरून सरकत मागं जात होत्या. तिच्यामागं शेजारच्या काकू उठल्या, मग सगळ्याच. प्लास्टरच्या स्तूपाभोवती, तुझ्या तात्यांच्या शेडमध्ये, माझी माणसं बरोबर चालत होती आणि तुझी उलटी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोनवर शूट केलं.

प्राधिकरणातल्या काकांनी मला त्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं. 'चित्र उलटं करणार असाल तर मी माझी चित्रं परत नेतो, असं म्हटलं मी त्यांना. चित्राशी खेळ नको. त्यांनी लगेच ऐकलं हो.' लगेच ऐकलंस. आणि मला सांगायला? तुला विचारलं तर म्हणालास, 'सांगायला वेळच मिळाला नाही, सुजा.' फोन तुझ्या खिशात होता. आदल्या दिवशी त्याच फोनवरून तू मला समोशांचं विचारलं होतंस.

तरीही मी गिळलं असतं. काकांनी चित्रं परत नेली असती तर शो बुडाला असता, हे मला कळत होतं. घाबरलास, कबूल करायला लाजलास, माणूस असं करतो. पण तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि तुला मुलाखतीला बोलावलं. छान निळा शर्ट घालून तू सांगितलंस, 'आम्ही मुद्दाम उलटं ठेवलं. प्रेक्षकानं उठावं, चित्राला विरोध करावा, ही त्यामागची कल्पना होती.' अँकरबाई भारावून गेल्या. मी जेवत होते, ताट तसंच राहिलं.

आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्या. आणि रेघोट्या ओढण्यात तर तुझा हात धरणारा कुणी नव्हता.

आईनं ती मुलाखत दोनदा बघितली. उलटं चाललेल्या माणसांचं तिला काही वाटलं नव्हतं, 'साहेबाला काय कळतंय,' एवढंच म्हणाली होती. पण 'मुद्दाम' तिला लागलं. 'मी माझ्या पायानं चालले, बाई,' ती म्हणाली. 'त्यानं कुठं चालवलं मला?'

मी तुला फोन केला. 'मुद्दाम?' एवढंच विचारलं. तू हसलास. 'अगं, लोकांना तेच आवडतंय. आता कुणाला काय फरक पडतो?'

'माझ्या आईला पडतो.'

तेव्हा तुझं हसणं थांबलं. 'मावशींना मी समजावतो. रविवारी येतो.'

रविवारी आईनं पोहे भिजवले. 'येऊ दे. आधी खाऊ घालते, मग विचारते,' म्हणाली. तू आला नाहीस, फोनही नाही. पुढचा रविवार यायच्या आत तुझ्या भावाचा, संदीपचा फोन आला, आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी आधी त्याच्यावरच ओरडले, की असली चेष्टा करू नये.

मी तुझ्या गावच्या स्मशानात आले होते. बायका येत नाहीत तिथं, तुझी बायको मनीषाही घरीच होती. पण मला कुणी अडवलं नाही, कोपऱ्यात उभी राहिले. संदीपनं मडकं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला. दोन पावलं टाकली असतील नसतील, तुमचे ते म्हातारे चुलते ओरडले, 'आरं, तसं न्हवं! उलटा फिर! डावा हात आत ठिव. हितं उलटंच आसतंय.'

संदीप वळला. डावा हात तुझ्याकडे ठेवून तुझ्याभोवती फिरला, पाणी सांडत, रडत. आणि मी तिथं उभी राहून त्या मुंग्यांएवढ्या माणसांना बघत होते. तोच हात, तीच चाल. तुला सांगते, मला रडू नाही आलं. मला वाटलं, बघा, इथंही शेवटी ह्याचंच खरं झालं.

मग तात्यांनी निरोप धाडला. गुरुवारी शेडमध्ये शो लावू, गाव बघंल. मी गेले तर मनीषा दारातच भेटली. तुझं लेकरू तिच्या कडेवर झोपलेलं. 'ताई, तुम्ही दोन शब्द बोला. त्यांनी कसं विचार करून उलटं ठेवलं होतं ते सांगा. लोकांना ते फार आवडतं.' तात्या मागून म्हणाले, 'व्हय पोरी, ते सांगच. डोकं व्हतं त्याला, लोकांस्नी कळू दे.'

कसल्या पेचात टाकून गेलास बघ. खरं बोलावं तर तुझ्या बापाच्या हातात उरलेलं एवढं एक काढून घ्यायचं. आणि खोटं बोलावं तर आई पहिल्याच ओळीत बसली होती, त्याच पांढऱ्या पातळात. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली आपण आली होती.

मी उभी राहिले. तुझ्याबद्दल जे खरं होतं ते सांगितलं. पहिला खांब उभा राहिला तेव्हा तू जमिनीवर आडवा पडलास ते, प्रेसच्या दणक्याला शिव्या घालायचास ते, तात्यांनी 'कशाला पायजे' विचारलं होतं ते. लोक हसले, तात्याही हसले. मग म्हणाले, 'उलटं ठेवण्यावरून आमचं भांडण झालं होतं. ते मिटायचं राहिलं. आणि त्या दिवशी माझी आई उठली, ती तिच्या मनानं उठली. तिला कुणी उठवलं नव्हतं.' एवढंच. 'तो खोटं बोलला' हे शब्द तोंडाशी आले होते, ते मी इथं तुझ्यासाठी राखून ठेवले. तू खोटं बोललास, प्रवीण. माझ्याशी नाही बोललास तेवढं सगळ्या जगाशी बोललास.

तात्यांना किती कळलं कुणास ठाऊक. ते आईकडे बघत होते. आईनं त्यांना हात जोडले.

बोलून झाल्यावर मी कॉम्प्युटरपाशी गेले. दोन्ही फाइली होत्या, तुझी आणि तू शब्द दिलास तेव्हा मी फिरवून ठेवलेली. माझा हात माझ्या फाइलीवर गेला होता. आई कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. तिला मी स्मशानातलं सगळं सांगितलेलं होतं. ती हळूच म्हणाली, 'आज त्याचीच लाव. आजच्या दिवस उलटंच बरोबर आहे.'

लावली. रेघा उमटल्या, खांब चढले, छत उलगडलं. तुझी माणसं डावा हात स्तूपाकडे ठेवून फिरायला लागली. ह्यावेळी कुणी उठलं नाही. आई मांडी घालून बसली होती, हात मांडीवर. संदीपनं तोंडावर रुमाल धरला. तात्या बोटानं कुणाला तरी दाखवत होते, 'हे बघ, माझ्या पोरानं चालिवल्यात.' आणि तेव्हा मला रडू आलं. स्मशानातलं, घाटावरचं, तुझ्या त्या फोननंतरचं, सगळं एकदम आलं. तू मला फार हवा आहेस, प्रवीण. फोनवर हसणारा तू नाही. चहा फेकून 'तुझं खरं' म्हणणारा तू.

माफ मात्र मी केलेलं नाही. आईनं केलंय, तिचा आणि माझा त्यात संबंध नाही.

पुढच्या आठवड्यात शो शहरातल्या कलादालनात कायमचा जातोय. शेवटची फाइल मीच द्यायची, दुसरं कोण आहे आता. प्राधिकरणातल्या काकांना मी जाऊन भेटले. सगळं सांगितलं, आईलाही बरोबर नेलं होतं. त्यांनी आधी ताणून धरलं, मग तिच्याशी लेण्याविषयी बराच वेळ बोलले, आणि निघताना म्हणाले, 'करा.' बघ, विचारलं की माणसं ऐकतात कधीकधी.

म्हणून काल दुपारी शेजारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी माझी फिरवलेली फाइल भिंतीवर लावली. पोढी उजव्या हाताला आली. माणसांचा उजवा हात स्तूपाकडे गेला. खाली रावसाहेबाचं नाव उलटं झालं, ते तसंच ठेवलंय, जो वाकून बघेल त्याला कळेल. त्याच्याखाली आपली नावं सरळ टाकली, तुझं आधी. मग तुझ्या फाइलीवर माझी फाइल चढवली. आता ती एकच आहे.

तुला सांगायला वेळच मिळाला नाही, प्रवीण.